पायऱ्या, पट्टे आणि धुराडी : शहराची एखादी खूण लोकांची कशी होते?

धागाकर्ता (पायवाट)

८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास लंडनमधल्या ॲबी रोडच्या मधोमध एक शिडी उभी करण्यात आली, एका पोलिसाने थोडा वेळ वाहने थोपवून धरली आणि छायाचित्रकार इयन मॅकमिलन यांनी शिडीवर चढून, स्टुडिओसमोरचे झेब्रा क्रॉसिंग ओलांडणाऱ्या बीटल्स या संगीतगटाच्या चौघांची सहा छायाचित्रे घेतली. दहा मिनिटांत काम आटोपले. सहांपैकी पाचवे छायाचित्र ‘ॲबी रोड’ या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी निवडले गेले, कारण त्यात चौघेही पूर्ण ढांग टाकलेल्या अवस्थेत सापडले आहेत. पॉल मॅकार्टनी अनवाणी आहेत आणि त्यांचा उजवा पाय पुढे आहे, तर बाकीच्या तिघांचा डावा. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर ना गटाचे नाव होते, ना अल्बमचे. पुढे डिसेंबर २०१० मध्ये या क्रॉसिंगला इंग्लंडच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीचे संरक्षण मिळाले.

मला अनेक वर्षे पडलेला प्रश्न असा, की ज्यात वास्तुकला म्हणावी असे काहीच नाही, ज्याला उंची नाही, शिल्प नाही, ते डांबरावरचे पांढरे पट्टे जगातल्या नामांकित वास्तूंच्या पंगतीला जाऊन कसे बसले? बीटल्सची कीर्ती हे त्याचे एक उत्तर झाले, पण ते पुरेसे वाटत नाही. त्यांची इतरही असंख्य छायाचित्रे निघाली आणि त्यांतल्या बहुतेक जागांकडे फारसे कोणी फिरकत नाही.

माझे मत थोडक्यात असे आहे. शहरातली एखादी जागा लोकप्रिय संस्कृतीत टिकते, ती तिथे घडलेली कृती कोणत्याही सामान्य माणसाला जशीच्या तशी करता येते म्हणून. रस्ता ओलांडायला कोणतीही कला लागत नाही. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयासमोरच्या ७२ पायऱ्यांचेही तेच आहे. ते संग्रहालय १९२८ साली उघडले, पण त्या पायऱ्या जगाला कळल्या त्या १९७६ च्या ‘रॉकी’ चित्रपटामुळे, ज्यात नायक त्या धावत चढतो. त्या दृश्याची जन्मकथा मला फार महत्त्वाची वाटते. गॅरेट ब्राउन यांनी स्टेडीकॅम हे चालत्या माणसाच्या हातातला कॅमेरा स्थिर ठेवणारे उपकरण तयार केले होते आणि ते काय करू शकते हे दाखवण्यासाठी केलेल्या नमुना चित्रफितीत याच पायऱ्यांवर धावण्याचे एक दृश्य होते. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन यांनी ते पाहिले आणि पायऱ्या कुठल्या याची चौकशी केली. म्हणजे मुळात तिथे धावून पाहिले गेले ते एका यंत्राच्या परीक्षेसाठी, आणि आज तिथे येणारा प्रत्येक जण धावत वर जातो, वळतो आणि दोन्ही हात उंचावतो.

रोममधल्या ‘सत्याचे मुख’ या संगमरवरी चेहऱ्याची कथा अशीच. खोटे बोलणाऱ्याचा हात ते मुख चावते, अशी दंतकथा आहे. १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’मध्ये ग्रेगरी पेक त्या तोंडात हात घालतात आणि बाहेर काढताना पंजा बाहीत लपवतात. ऑड्री हेपबर्न यांना याची पूर्वकल्पना नव्हती, त्यामुळे त्यांची किंकाळी खरी आहे. तेव्हापासून लोक तिथे रांग लावतात, ते पाहण्यापेक्षा हात घालण्यासाठी.

जाणकारांनी याला दुजोरा द्यावा किंवा हे खोडून काढावे, अशी विनंती आहे. खोडून काढले तर अधिक आनंद होईल.

प्रतिसाद (पडदा)

उत्तम विषय आणि नेमकी मांडणी. तरीही मला हे पूर्ण पटलेले नाही. कृतीचा मुद्दा ॲबी रोडला लागू पडतो, पण आयफेल मनोऱ्याला कसा लावणार? मनोऱ्याशी कोणतीच एक कृती जोडलेली नाही. तिथे जिंकते ती बाह्यरेषा. चित्रपटात पॅरिस दाखवायचे असले, की खोली कुठल्याही भागात असो, खिडकीतून मनोरा दिसतोच, हा संकेत इतका रुळला आहे की प्रेक्षकांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. एका नजरेत ‘आपण कुठे आहोत’ हे सांगणारी वास्तू हे दिग्दर्शकाच्या हातातले फार मोठे साधन असते.

आणि हा मनोरा मुळात कायमचा नव्हता, हे लक्षात घ्यावे. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तो उभारला गेला, परवाना २० वर्षांचा होता आणि १९०९ नंतर तो उतरवला जाण्याची शक्यता होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये, म्हणजे बांधकाम नुकतेच सुरू झाले असताना, कलावंतांनी त्याच्याविरुद्ध जाहीर निषेधपत्र काढले होते. त्यावर कथाकार मोपासाँ, संगीतकार गुनो आणि ऑपेरागृहाचे वास्तुकार गार्निये यांच्या सह्या होत्या. मनोरा वाचला तो बिनतारी संदेशवहनासाठी उपयोगी ठरल्यामुळे. सौंदर्याची पावती त्याला फार नंतर मिळाली.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचे. १ मे १९३१ रोजी ती उघडली तेव्हा महामंदी होती, कचेऱ्यांना भाडेकरू मिळेनात आणि लोक तिला ‘एम्प्टी स्टेट’ म्हणू लागले. पुढे दोन वर्षांच्या आत ‘किंग काँग’ पडद्यावर आला आणि ते महाकाय माकड तिच्या शिखरावर चढले. टोकियोचा मनोरा १९५८ मध्ये पुरा झाला, उंची ३३३ मीटर. १९६१ मध्ये ‘मॉथ्रा’ चित्रपटातल्या अळीने तो मोडून त्यावर आपला कोश विणला. माझ्या मते यामागे एक नियमच आहे : पडद्यावरचा राक्षस शहराच्या ताज्या अभिमानावर चढतो. १९७६ मध्ये ‘किंग काँग’ नव्याने केला गेला तेव्हा काँगला एम्पायर स्टेट सोडून नव्या जुळ्या मनोऱ्यांवर चढवले गेले होते, ते याचमुळे. २००५ च्या आवृत्तीत तो पुन्हा एम्पायर स्टेटवर परतला. यात सामान्य माणसाने करून पाहण्यासारखी कृती कुठे आहे?

प्रतिसाद (पायवाट)

आपला आक्षेप मान्य करावाच लागेल, पण अर्धा. बाह्यरेषेमुळे वास्तू ओळखली जाते, यात वाद नाही. मात्र ओळखीची होणे आणि आपली होणे यांत अंतर आहे. एम्पायर स्टेटला माकडाने प्रसिद्धी दिली. परंतु तिच्या सज्जात भेटण्याचे वचन देण्याची कल्पना १९५७ च्या ‘ॲन अफेअर टू रिमेंबर’ने रुजवली आणि १९९३ च्या ‘स्लीपलेस इन सिॲटल’ने ती उघडपणे उचलून पुढे नेली. सज्जात जाऊन वाट पाहणे ही कृती कोणालाही जमते. एकाच इमारतीला दोन्ही गोष्टी मिळाल्या, म्हणून ती इतकी टिकली असे मला वाटते.

प्रतिसाद (जुनीपाने)

मी जे लिहितो आहे ते थोडे वेगळ्या बाजूने आहे, पण विषयाच्या गाभ्याशी जोडलेले आहे. युक्रेनमधल्या ओडेसाच्या बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्या १८३७ ते १८४१ या काळात बांधल्या गेल्या. मूळच्या २०० पायऱ्यांपैकी ८ बंदराच्या वाढीत गेल्या आणि १९२ उरल्या. त्यांची रचना मोठी चतुर आहे. तळाशी त्या रुंद आहेत आणि वर जाताना अरुंद होत जातात, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला जिना प्रत्यक्षाहून लांब आणि उंच भासतो. शिवाय खाली उभे राहिले तर केवळ पायऱ्या दिसतात, मधले सपाट टप्पे दिसतच नाहीत. वर उभे राहिले तर केवळ टप्पे दिसतात आणि पायऱ्या नाहीशा होतात. एकाच जिन्याची दोन टोकांवरून दोन रूपे.

या जिन्यावर १९२५ मध्ये सर्गेई आयझेनस्टाइन यांनी ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधला हत्याकांडाचा प्रसंग चित्रित केला. बंदुका रोखून एका लयीत खाली उतरणारी सैनिकांची रांग, सैरावैरा धावणारी माणसे, आईच्या हातून सुटून पायऱ्यांवरून घरंगळत जाणारी बाबागाडी. चित्रपटाचे संकलन शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रसंग अभ्यासावा लागतो. १९८७ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये शिकागोच्या युनियन स्टेशनच्या पायऱ्यांवरून जी बाबागाडी घरंगळते, ती थेट ओडेसाहून आलेली आहे.

आता मुख्य मुद्दा. १९०५ मध्ये पोटेमकिन या युद्धनौकेवर बंड झाले हे खरे, त्या दिवसांत ओडेसात रक्तपात झाला हेही खरे. पण पायऱ्यांवरचे हत्याकांड चित्रपटात दाखवले आहे तसे घडलेले नाही. ती दिग्दर्शकाची रचना आहे. तरीही १९५५ मध्ये या जिन्याला ‘पोटेमकिन’ हे नाव दिले गेले आणि जगभर तो याच नावाने ओळखला जातो. पडद्यावरच्या प्रसंगाने इतिहासाची जागा घेतली. धागाकर्त्यांचा मुद्दा इथे अडखळतो, असे मी नम्रपणे सुचवतो : ओडेसात कोणीही जाऊन हत्याकांडाची नक्कल करत नाही. तिथे माणूस उभा राहतो, खाली पाहतो आणि न घडलेली गोष्ट आठवतो. स्मरण हीसुद्धा एक कृती मानायची का, हे त्यांनीच सांगावे.

प्रतिसाद (धुराडे)

जुनीपाने यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. स्मरणाला कृती मानावे, या मताचा मी आहे, आणि त्यासाठी लंडनमधल्या बॅटरसी वीजकेंद्राचे उदाहरण देतो, कारण ही माझ्या मनातली सर्वांत प्रिय वास्तू आहे.

तिचे बाह्यरूप जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी घडवले. ब्रिटनमधली लाल टेलिफोन पेटी ज्यांची, तेच हे. आपल्याला परिचित असलेली चार पांढरी धुराडी एकदम उभी राहिलेली नाहीत. १९३० च्या दशकात वीजकेंद्राचा अर्धाच भाग पुरा झाला होता आणि त्याला दोन धुराडी होती. दुसरा अर्धा भाग १९५५ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा चार खांबांचे उलट्या मेजासारखे ते रूप सिद्ध झाले.

डिसेंबर १९७६ मध्ये पिंक फ्लॉइड या संगीतगटाच्या ‘ॲनिमल्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी दोन धुराड्यांच्या मध्ये सुमारे १२ मीटर लांबीचे फुगवलेले डुक्कर तरंगत ठेवायचे होते. दोर तुटला तर गोळी झाडून ते खाली आणण्यासाठी पहिल्या दिवशी एक नेमबाज बोलावला होता. चित्रीकरण लांबले आणि पुढच्या वेळी नेमबाज हजर नव्हता. नेमके तेव्हाच डुक्कर सुटले, वर वर गेले, हीथ्रोच्या विमानवाहतुकीच्या हद्दीत शिरले आणि अखेर केंटमधल्या एका शेतात उतरले. अल्बमवरचे अंतिम चित्र वेगवेगळ्या दिवशी घेतलेली छायाचित्रे जोडून तयार करण्यात आले.

१९८३ मध्ये तिथली वीजनिर्मिती थांबली. त्यानंतर जवळजवळ चार दशके ती प्रचंड वास्तू बंद पडून होती, छप्पर गेले होते, योजना येत होत्या आणि बारगळत होत्या. ती पाडली गेली नाही याचे श्रेय अर्थातच वारसा संरक्षणाच्या कायद्याला आहे. परंतु वीजकेंद्रासारख्या रुक्ष कारखान्याबद्दल लाखो लोकांच्या मनात माया होती, ती त्या डुकराने निर्माण केली, असे मी जबाबदारीने म्हणतो. ज्यांनी कधी लंडन पाहिले नाही त्यांनाही ही धुराडी ओळखू येत होती.

यात आणखी एक गोष्ट आहे जी मला बेचैन करते. गंजामुळे ती चारही धुराडी उतरवून, मूळ आराखड्याबरहुकूम नव्याने बांधण्यात आली आणि २०२२ मध्ये वास्तू दुकाने व कार्यालयांसाठी खुली झाली. म्हणजे आज दिसतात ती धुराडी मुखपृष्ठावरची नव्हेत. मग नेमके काय जतन झाले?

प्रतिसाद (शिल्परेखा)

हाच प्रश्न हॉलिवूडच्या पाटीला विचारून पाहावा. १९२३ मध्ये डोंगरउतारावर उभारलेली ती अक्षरे म्हणजे घरबांधणीच्या भूखंडांची जाहिरात होती, तिच्यावर ‘हॉलिवूडलँड’ असे लिहिलेले होते आणि ती सुमारे दीड वर्षच टिकावी अशी अपेक्षा होती. १९४९ च्या दुरुस्तीत शेवटची चार अक्षरे काढण्यात आली. १९७० च्या दशकात पाटीची अवस्था इतकी दयनीय झाली, की काही अक्षरे मोडून पडली होती. १९७८ मध्ये एकेका अक्षराला एकेक देणगीदार मिळाला. गायक ॲलिस कूपर यांनी एका ‘ओ’चा भार उचलला. जुनी अक्षरे पूर्णपणे काढून सुमारे १३.७ मीटर उंचीची पोलादी अक्षरे बसवण्यात आली. जगाला माहीत असलेली पाटी ही अशी दुसरी पाटी आहे आणि तिला कोणी नकली म्हणत नाही, कारण तिथे महत्त्व पत्र्याला नव्हतेच.

प्रतिसाद (नाद)

सर्वजण डोळ्यांनी पाहिलेल्या खुणांबद्दल लिहीत आहेत, म्हणून एक ऐकलेली खूण नोंदवतो. बिग बेन हे मनोऱ्याचे नसून घंटेचे नाव आहे. मनोरा २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणून ओळखला जातो. ३१ डिसेंबर १९२३ रोजी बीबीसीने ही घंटा रेडिओवरून प्रथम ऐकवली आणि तिथून पुढे लंडनच्या या खुणेला पाहण्याची गरज उरली नाही. हजारो मैलांवरच्या माणसाला ती आवाजाने ठाऊक झाली.

प्रतिसाद (उंबरठा)

चर्चा वाचताना एका बाजूचा विसर पडतो आहे असे जाणवले, म्हणून लिहिते. या जागांवर माणसे राहतात किंवा त्यांवरून रोज ये-जा करतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला एक उंच जिना २०१९ च्या ‘जोकर’ चित्रपटात नाचाच्या दृश्यासाठी वापरला गेला. तो जिना तिथल्या लोकांचा कामावर जाण्या-येण्याचा मार्ग होता. चित्रपट येताच पाहुण्यांची रीघ लागली, मधल्या पायरीवर माणसे पोज देऊन उभी राहू लागली आणि हातात पिशव्या घेऊन चढणाऱ्या रहिवाशांना वाट काढावी लागू लागली. त्यांनी नाराजी व्यक्त केली, यात मला काहीही गैर दिसत नाही.

रोमचा अनुभव याहून बोलका आहे. १९६० च्या ‘ला डोल्चे व्हिता’मध्ये अनिता एकबर्ग ट्रेव्ही कारंज्याच्या पाण्यात उतरल्या. आज तिथे पाण्यात उतरणाऱ्याला दंड होतो. स्पॅनिश पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम खाणारी राजकन्या ‘रोमन हॉलिडे’ने अजरामर केली आणि २०१९ मध्ये त्या पायऱ्यांवर बसण्यासच मनाई करण्यात आली. धागाकर्ते ज्या कृतीला जागेचा प्राण मानतात, तीच कृती दगड झिजवते, घाण करते आणि शेवटी नियमाने बंद करावी लागते. मला या नियमांचा राग येत नाही. १७६२ मध्ये पूर्ण झालेले कारंजे पुढच्या पिढ्यांनाही मिळायला हवे. तरी त्याच रोमने दाखवलेली एक सुंदर रीत सांगते : १९९६ मध्ये त्या चित्रपटाचे नायक मार्चेल्लो मास्त्रोयानी गेले, तेव्हा ट्रेव्हीचे पाणी बंद ठेवून कारंज्यावर काळे कापड पांघरण्यात आले. शहराने आपल्या वास्तूला सुतकात बसवले. जुनीपाने ज्याला स्मरणाची कृती म्हणतात, ती मला इथे दिसते.

प्रतिसाद (पडदा)

उंबरठा यांच्या प्रतिसादाने माझे मत बरेच बदलले. बाह्यरेषेवर मी फार भर दिला होता. एक भर मात्र घालतो. काही वेळा जागाच अस्तित्वात नसते आणि लोक ती निर्माण करायला लावतात. शेरलॉक होम्सचा पत्ता २२१ बी, बेकर स्ट्रीट. कथा लिहिल्या गेल्या तेव्हा त्या रस्त्यावर इतके घरक्रमांक नव्हतेच. १९३० च्या दशकात क्रमांक पुढे वाढले, २२१ क्रमांक एका गृहवित्त संस्थेच्या इमारतीत सामावला आणि होम्सच्या नावाने इतकी पत्रे येऊ लागली की उत्तरे लिहिण्यासाठी संस्थेने माणूस नेमला. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरही हॅरी पॉटरच्या कथांमधला पावणेदहा क्रमांकाचा एक फलाट आहे, भिंतीत अर्धी गेलेली सामानाची ढकलगाडी आहे, आणि तिथे जाणारा प्रत्येक जण ती ढकलून पाहतो. कृतीचा मुद्दा इथे पायवाट यांच्या बाजूने जातो, हे मी मोकळेपणाने नोंदवतो.

प्रतिसाद (पायवाट)

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ विधानात मी दोन बदल करतो. पहिला, कृतीत स्मरणाचा समावेश करावाच लागेल. ओडेसा आणि ट्रेव्ही यांनी ते सिद्ध केले. दुसरा, ती कृती करण्याची मुभा हा पाहुण्याचा हक्क नव्हे. जिथे शेजारी राहतात तिथे तर मुळीच नव्हे.

धुराडे यांच्या प्रश्नाचे उत्तर मला ॲबी रोडवरच सापडते. मी तिथे गेलो होतो, तेव्हा अर्धा तास पदपथावर उभा राहून केवळ पाहत होतो. चौघांचे गट ठरवून येत होते, कोणी क्रमावरून वाद घालत होते, एका मुलाने चपला काढून बहिणीच्या हातात दिल्या होत्या. वाहनचालक थांबत होते; काही शांतपणे, काही भोंगा वाजवून. एक बस आली आणि चौघांपैकी दोघे त्या टोकाला पोहोचले, दोघे या टोकालाच अडकले. पट्ट्यांकडे वाकून पाहिले, तर मधला रंग टायरांनी आणि पावलांनी करडा झालेला होता.

१९६९ चा रंग तिथे असणे शक्यच नाही. २४ मार्च २०२० रोजी, साथीमुळे लंडन घरात बसले असताना, महापालिकेच्या कामगारांनी त्या ओस पडलेल्या रस्त्यावर ते पट्टे पुन्हा रंगवले. एरवी अशा कामासाठी वाहने आणि चाहते या दोघांनाही थोपवावे लागते; त्या दिवशी थोपवायला कोणी नव्हते.